अश्रफ खोतची चौकशी

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. माधुरीसमोरसुद्धा नाही. बावीस वर्षांचा संसार आहे आमचा. माझी शुगर किती, मी झोपेत काय बडबडतो, सगळं तिला ठाऊक. हे तेवढं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? की... नको. कारणं द्यायला लागलो की मी लगेच निसटतो. ती माझी जुनी सवय आहे.

आधी एवढं सांगतो, की मी संशयी माणूस आहे. पोटापाण्याचा धंदाच तो. कुवेतच्या दक्षिणेला तेलाच्या पाइपलाइनी आहेत, त्यांच्या वेल्डिंगचे एक्स-रे मी तपासतो. बाहेरून गुळगुळीत दिसणारा जोड आतून पोकळ तर नाही ना – एवढंच बघायचं. घरी आलो तरी डोळा तसाच राहतो. मासळीवाला हसला की वाटतं, मासा कालचा असणार. कुणी फार गोड बोललं की वाटतं, याचं काहीतरी काम आहे. आणि बहुतेक वेळा माझं बरोबर निघतं, हीच तर गोची आहे.

अश्रफ खोतच्या बाबतीतही माझं बरोबर निघेल असं मला वाटलं होतं. वाटलं होतं – की तसं निघावं अशी माझी इच्छा होती?

आठ वर्षं झाली. आम्ही तेव्हाही इथेच, कुवेतच्या मंगफ भागात राहत होतो. माझी मुलगी रेवा तेव्हा बारा वर्षांची. इथे हिवाळ्यात शुक्रवारी फिलिपिनो, जपानी, अमेरिकन मुलांचे बेसबॉलचे सामने होतात. ते बघून आमच्या पोरांनी हट्ट धरला, आपलाही संघ हवा. आम्ही सात-आठ घरं एकत्र आलो, पालकांची एक कमिटी केली. म्होरक्या कुलकर्णी, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले, स्वभावानं सरळ. आणि कमिटीतला खेळाचा जाणकार म्हणून मी. कारण एकदा जेवताजेवता मी बोलून गेलो होतो, की कॉलेजात मी बेसबॉल खेळलोय. सेकंड बेसला.

हे वाक्य लक्षात ठेवा. मला त्याच्याकडे परत यावं लागणार आहे, आणि यायला आवडणार नाही.

अश्रफ सापडला तो कुलकर्णींना, अम्गराला, बांधकामाच्या सामानाच्या बाजारात. बाथरूमच्या टाइल्स घ्यायला ते तिथल्या एका यार्डात गेले होते, मुलगी बरोबर होती. ती गाडीशेजारी चेंडू टाकत बसलेली; एक चेंडू निसटून खडीवरून वेडावाकडा उसळत गेला. टाइल्सच्या पेट्या उतरवणाऱ्या एका माणसानं हातातली पेटी खाली ठेवली, दोन पावलं आडवा सरकला, उघड्या हातानं चेंडू उचलला आणि त्याच झोकात परत फेकला – सरळ तिच्या ग्लोव्हमध्ये. कुलकर्णींनी विचारलं, खेळायचात का? तो म्हणाला, युनिव्हर्सिटीला शॉर्टस्टॉप होतो. माणूस मराठी निघाला. दापोलीकडचा.

शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा खेळाडू. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात अवघड चेंडू त्याच्याकडे येतात. संघातला सगळ्यात चपळ खेळाडू तिथे उभा करतात. कुलकर्णींनी मला हे कौतुकानं सांगितलं, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला? – शॉर्टस्टॉप? आणि टाइल्स उचलतोय?

पुढच्या शुक्रवारी तो आला. अब्बासिया या मजुरांच्या वस्तीत, सहा जणांच्या खोलीत राहायचा. यार्डाच्या पिकअपमधून कुणीतरी त्याला आमच्या मैदानापर्यंत आणून सोडलं होतं. अडतीस-चाळीसचा, सडपातळ, दाढी अर्धी पिकलेली. पिशवीतून चुना काढून त्यानं रेघा आखल्या, मोजपट्टी लागली नाही त्याला, पावलांनी मोजल्या. मग मुलांना ओळीनं उभं करून जमिनीलगत चेंडू मारायला लागला. "चेंडूची वाट बघायची नाय. आपण जायचं त्याच्याकडे." असं तो शंभरदा म्हणायचा. रेवानं विचारलं, इंग्रजीतच, की तुम्ही हे कुठे शिकलात. तो हसला. म्हणाला, "आमच्याकडं सडा असतो, जांभ्या दगडाचं माळरान. तिथं चेंडू कुठून उसळेल त्या चेंडूलाच माहीत नसतं. तिथं ज्याला पकडता आला, त्याला जगात कुठंही येतो."

पंधरा मिनिटांत पोरं त्याची झाली होती. मी ते बघत होतो. आणि मग त्यानं माझ्याकडे वळून, अगदी आनंदानं, विचारलं, "साहेब, तुम्ही सेकंड बेसला होतात ना? या की! दोघं मिळून पोरांना डबल प्ले दाखवू."

डबल प्लेमध्ये शॉर्टस्टॉप चेंडू उचलून सेकंड बेसवाल्याला देतो, तो बेसवर पाय टेकवून तसाच वळून पहिल्या बेसला फेकतो. दोन गडी एका दमात बाद. ज्यांनी एकत्र खेळलंय त्यांचं ते नाच केल्यासारखं होतं म्हणे. म्हणे – कारण मी ते कधी केलेलं नाही.

मी म्हणालो, गुडघा दुखतोय.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. माझ्या पायांकडे, हातांकडे, मी चेंडू कसा धरलाय त्याच्याकडे. मग "बरं, बरं" म्हणून मुलांकडे वळला. एवढंच. पण मी घरी येईपर्यंत त्या पाहण्याचाच विचार करत होतो. याला कळलं का? कळलं असेल तर हा बोलेल का? कुणाजवळ? त्या दिवसापासून मी त्याची चौकशी सुरू केली, आणि स्वतःला सांगितलं, की मुलांच्या काळजीपोटी.

इंटरनेटवर त्याचं नाव शोधलं. काही नाही. बोलता बोलता सापळे लावायला लागलो – अंतिम सामना कुणाशी होता, कोच कोण होते? तो सरळ उत्तरं द्यायचा, आणि सरळ उत्तरं देतोय म्हणून मला वाटायचं, पाठ केलेली असणार. तो आपणहून कधी बढाई मारायचा नाही. मला वाटायचं, जो खरंच एवढा खेळलाय तो इतका गप्प कसा बसेल? आणि बढाई मारली असती तर? तर मी म्हटलं असतं, बघा, फुशारक्या. तेव्हा हे मला दिसत नव्हतं असं म्हणू? दिसत होतं. थोडं थोडं दिसत होतं.

रेवा मात्र त्याच्या मागे वेडी झाली होती. रात्री जेवताना आता तिचं एकच. अश्रफ अंकल म्हणाले, अश्रफ अंकलनी दाखवलं. एकदा मी तिची एक चूक सुधारायला गेलो, तर ती म्हणाली, "बाबा, प्लीज. अंकल नोज बेस्ट." माधुरी हसली. मीही हसलो.

जानेवारीत कुलकर्णींनी बातमी आणली. एका शाळेला खेळाचा शिक्षक हवा होता. त्यांनी अश्रफचं नाव सुचवलं. शाळा तयार होती, फक्त त्याच्या खेळाची खात्री करून घेतल्याचं आमच्या कमिटीचं पत्र हवं होतं. म्हणजे काय, ते तुम्हाला कळतंय? पेट्या उचलणं संपणार होतं. यार्डाचा मालक त्याला सोडायला, रिलीज द्यायला राजी होता, इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, शाळेच्या नावावर जाणार होता. पुढेमागे बायको आणि दोन मुलींना तो इथे आणू शकला असता. रेवाला तो सांगायचा, माझी थोरली अगदी तुझ्याएवढी.

त्यानं गावाहून सर्टिफिकेटचे फोटो मागवले. त्यावर नाव होतं अश्रफ खोत. पासपोर्टवर त्याच्या वडिलांचं, आजोबांचं नाव जोडून लांबलचक काहीतरी, आणि स्पेलिंगही वेगळं. कोकणातल्या निम्म्या लोकांचं असंच असतं, हे कुणीही सांगेल. मी कपाळाला आठ्या घातल्या. म्हणालो, "हे नीट तपासायला हवं. बेसबॉलची सर्टिफिकेटं कशी मिळतात ते मला माहितीय." कुलकर्णी म्हणाले, "मग तुम्हीच बघा. तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

आता ते जेवतानाचं वाक्य.

बेसबॉलची सर्टिफिकेटं कशी मिळतात ते मला खरंच माहीत होतं. परभणीला आमच्या कॉलेजचे खेळाचे सर वडिलांचे स्नेही होते. बारावीला मला मार्क कमी पडणार हे दिसत होतं; खेळाडूंसाठी इंजिनिअरिंगला राखीव जागा असायच्या. बेसबॉल तेव्हा कुणी बघायचंही नाही – म्हणून त्याचीच यादी निवडली. संघात माझं नाव लिहिलं गेलं. सेकंड बेस. मी एकदा टेम्पोत बसून सामन्याला गेलो, बॅटींची पिशवी सांभाळली, डबा खाल्ला, परत आलो. त्या कागदावर मला सीट मिळाली. त्या सीटवर मी इंजिनिअर झालो, कुवेतला आलो, हे घर, ही गाडी, रेवाची शाळा. ती सीट ज्या खऱ्या खेळाडूची होती तो कोण, कुठला, मी कधी विचारही केला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना? माझ्या मनात ते तीस वर्षं लख्ख पडलेलं होतं. मला प्रत्येक सर्टिफिकेट माझ्यासारखंच दिसायचं.

अश्रफच्या कॉलेजातून मी त्याच्या कोचचा नंबर मिळवला. सर निवृत्त झाले होते, आवाज थकलेला. मी ओळख करून दिली – मीही जुना बेसबॉल खेळाडू, असं म्हणालो. त्यामुळे ते मोकळेपणी बोलतील असं वाटलं – आणि विचारलं, अश्रफ खोत आठवतो का?

पलीकडे आवाज एकदम तरुण झाला.

"अश्रफ? अहो, तो शॉर्टस्टॉपला उभा राहिला की त्या बाजूला मी बघायचोच नाही. गरजच नसायची."

मग ते बोलत राहिले. पहिल्या वर्षी हा पोरगा दुसऱ्याचे बूट घालून निवडीला आला होता, दोन साइज मोठे, पुढे कापूस कोंबलेला. तरी एक चेंडू सुटला नाही. तीन वर्षं विद्यापीठाच्या संघात, शेवटच्या वर्षी कप्तान. एका अंतिम सामन्यात, शेवटच्या डावात, तिन्ही बेसवर समोरचे खेळाडू, यांची आघाडी फक्त एका रनची, तिघांपैकी एकच गडी बाद – आणि चेंडू पिचरच्या पायाजवळून गोळीसारखा निघाला. हा डावीकडे झेपावला, पोटावर पडला, आणि उठायला वेळ नाही म्हणून गुडघ्यांवरूनच सेकंड बेसला चेंडू दिला. तिथून पहिल्या बेसला. दोन्ही बाद, सामना जिंकला. त्या स्पर्धेतला सर्वोत्तम इनफिल्डर, बेसजवळचा क्षेत्ररक्षक, ठरला तो. सर सांगत होते, "हरलेल्या संघाचा कोच माझ्याकडे आला आणि म्हणाला, हा मुलगा मला देता का?" पुढे राज्याच्या संघात निवड, मग देशाच्या सराव शिबिराचं बोलावणं. त्यासाठी पासपोर्ट काढायला सरच त्याच्याबरोबर गेले होते. शिबिराच्या आधी वडिलांना अर्धांगवायू झाला. घरात हाच थोरला. "त्याच पासपोर्टवर कुवेतला गेला," सर म्हणाले. "मला निरोप द्यायला आला तेव्हा ग्लोव्ह परत करायला विसरला नाही. कॉलेजचा होता ना."

त्यांनी बोलता बोलताच मला फोटो पाठवले. वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण – अश्रफ, दाढी नसलेला, धुळीनं माखलेला, संघानं खांद्यावर घेतलेला. खाली नाव. शंकेला जागा नव्हती. एक्स-रेमध्ये जोड शेवटपर्यंत भरीव होता.

आणि मग त्यांनी सहज विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही कुणाच्या हाताखाली खेळलात?"

मी आमच्या सरांचं नाव सांगितलं. खोटं नाव सुचलं नाही त्या क्षणी.

मग ते म्हणाले, "अच्छा. त्यांच्याकडचे." आणि पुढे म्हणाले, "त्यांच्याकडे खेळाडूंपेक्षा सर्टिफिकेटं जास्त असायची." हसले नाहीत. रागावलेही नाहीत. "अश्रफला माझा आशीर्वाद सांगा," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी गॅलरीत उभा होतो. भर दुपार होती. ते फोटो मी एकेक करून पुसून टाकले.

कमिटीची बैठक शनिवारी कुलकर्णींच्या घरी होती. चहा, चिवडा, सगळे खुशीत. कुलकर्णींनी पत्र टाइप करून ठेवलं होतं, फक्त माझ्या शब्दाची वाट बघत होते. काय झालं चौकशीचं? – सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं तेव्हाही मला ठरवता आलं असतं. हे खरं आहे. मला कुणी ढकललं नाही. पण मला दिसत होतं ते एवढंच, की अश्रफ शाळेत लागला, इथलाच झाला, की एक दिवस कुणीतरी त्याला विचारणार, अहो, आमचे हे साहेब सेकंड बेसला कसे खेळायचे? आणि त्याच्या सरांनी तोवर त्याला सांगितलेलं असणार.

मी म्हणालो, "नाव जुळत नाही. कॉलेजकडून समाधानकारक उत्तर नाही. मी माझं नाव त्या पत्राखाली घालणार नाही."

लक्षात घ्या, मी त्याला खोटारडा म्हटलं नाही. त्याची गरजच पडली नाही. बाकीचं बाकीच्यांनी केलं. एक जण म्हणाला, आधीच वाटत होतं. एका बाईंनी विचारलं, मग हा मुलींच्या एवढ्या जवळ जाऊन का शिकवतो? कुणी म्हणालं, अशा लोकांवर आपण फार लवकर विश्वास टाकतो. त्या 'अशा लोकां'मध्ये काय काय होतं – मजूर, अब्बासियाची खोली, त्याचं नाव, त्याचा धर्म – ते सगळं मला कळत होतं. मी ते थांबवलं नाही. मी त्याचा फायदा घेतला. एकटे कुलकर्णी म्हणाले, "पण त्याला एकदा बोलावून विचारू या ना?" मी म्हणालो, कशाला त्याचा अपमान करायचा? आणि ते मला समजूतदार म्हणाले.

पत्र गेलं नाही. सराव बंद झाल्याचा निरोप पालकांच्या ग्रुपवर गेला. अश्रफ त्या ग्रुपमध्ये नव्हता. शुक्रवारी मी पेट्रोल भरायला बाहेर पडलो, तेव्हा तो मैदानावर होता. रेघा आखून झाल्या होत्या. एकटाच उभा, रस्त्याकडे बघत. मी गाडीचा वेग कमी केला नाही.

दोन दिवसांनी तो आमच्या बिल्डिंगखाली आला. यार्डातून सरळ आला असावा, कपड्यांवर सिमेंट होतं. मी खाली गेलो; वर बोलावलं नाही. शाळेनं नाही म्हटल्याचं त्याला कळलं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "सरांचा फोन आला होता. तुम्ही बोललात म्हणाले त्यांच्याशी. बराच वेळ."

मी म्हणालो, "हो. पण कमिटीचं मत पडलं..."

त्यानं मला वाक्य पुरं करू दिलं. पण ते पुरं होईना. शेवटी तो म्हणाला, "मी त्या दिवशी मैदानावरच ओळखलं होतं साहेब, तुम्ही खेळलेले नाही. मी कुणाला बोलणार नव्हतो. काय करायचं होतं मला बोलून?"

आवाज चढला नव्हता. मग तो बसस्टॉपकडे चालायला लागला.

तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी मला लाज वाटली असेल. वाटली. पण त्याहून आधी काय वाटलं, ते सांगायचंय मला – वाटलं, हा असं म्हणतोय खरा, पण बोलेल. नक्की बोलेल. पुढची चार वर्षं मी वाट बघत होतो. कुलकर्णींचा फोन आला की मी आधी तीन-चार रिंग वाजू द्यायचो. अब्बासियाच्या किराणा दुकानात एकदा तो रांगेत दिसला, तर मी सामान तिथेच टाकून बाहेर पडलो. ऑफिसात दोघं हळू बोलताना दिसले की वाटायचं, माझ्याबद्दलच. त्यानं एका माणसाला, एकदाही, काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मला माहीत नाही. मी तेसुद्धा संशयानंच बघत राहिलो.

मग एका दिवाळीच्या कार्यक्रमात कुलकर्णी सहज म्हणाले, तो टाइल्सवाला गेला म्हणे गावी कायमचा. पेटी उचलताना पाठीत काहीतरी झालं, आता नीट वाकताही येत नाही. "बिचारा," ते म्हणाले. "खोटं बोलायची काय गरज होती त्याला?" माझ्या हातात पेढा होता. मी तो खाल्ला.

रेवानं बेसबॉल सोडला. तेव्हा तिला आम्ही एवढंच सांगितलं होतं, की अंकलना वेळ नाही. ती रडली, मग रुसली, मग विसरली – असं मला वाटलं. आता ती वीसची आहे, पुण्यात शिकते. गेल्या महिन्यात सुट्टीला आली होती. संध्याकाळी आम्ही दोघं किनाऱ्यावर चालत होतो. मधेच ती म्हणाली, मराठीतच म्हणाली, तिकडे राहून तिचं मराठी सुधारलंय:

"बाबा, एक विचारू? कुलकर्णी काका म्हणाले ते खरं का? अश्रफ अंकल कधी खेळलेच नव्हते? सगळं खोटं होतं?"

ती थांबली होती. माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, तिला 'नाही' ऐकायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "खोटं होतं."

"ओह," ती म्हणाली, आणि आम्ही पुढे चालायला लागलो.